पाहुण्याच्या झोपेतला गोल

शनिवारी सकाळी रेनो मिकालेफ स्वयंपाकघरात दोन खुर्च्या अडवून बसला होता. एकीवर स्वतः, दुसरीवर डावा पाय, आणि गुडघ्यावर गोठवलेल्या मटारांची पिशवी. हातात चहाचा ग्लास. बाहेर तारेच्या कुंपणावर मॅगपाय पक्षी बसला होता. घरट्यात अंडी असली की तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतो, म्हणून रेनोची अकरा वर्षांची मुलगी रोबर्टा हेल्मेट घालूनच कोंबड्यांना दाणे टाकून आली होती आणि ते काढायचं विसरून तशीच टोस्ट खात होती.

"ते मटार मला संध्याकाळी भाजीला हवेत हं," त्याची बायको मार्लीन म्हणाली. "सारखे गोठवून आणि वितळवून त्यांची पार वाट लागलीय."

"मार्लीन, या मटारांनी माझी इतकी वर्षं सेवा केलीय."

"हेच नव्हेत ते. यांचे आजी-आजोबा असतील."

"बाबा," रोबर्टा तोंडात घास ठेवूनच म्हणाली, "उद्यानंतर आपण मटार नुसते खाण्यासाठीच आणायचे?"

रेनो हसला, पण मार्लीननं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. उद्या सान रोक्कू फुटबॉल क्लबकडून त्याचा शेवटचा सामना होता. हरले काय, जिंकले काय, क्लबचा गुणतक्त्यातला नंबर काही हलणार नव्हता. पण क्लब चालवणाऱ्या साल्वूकाकानं भोवतालच्या सगळ्या गल्ल्यांत निरोप फिरवला होता, आणि साल्वूकाकानं बोलावलं की मेलबर्नच्या पश्चिमेकडची निम्मी माल्टीज माणसं तरी येतात. उरलेली अर्धी जेवायच्या वेळी येतात.

तेवढ्यात मागच्या जाळीच्या दारावर थाप पडली.

पुढच्या दारानं येतात ते पार्सलवाले, नाहीतर धर्मप्रचारक. मागच्या दारानं येतात ती आपली माणसं, आणि आपली माणसं थाप मारत नाहीत, सरळ हाक मारतात. म्हणून तिघांनीही मान वळवली. जाळीपलीकडे चेत्तामावशी उभी होती. काळा स्वेटर, काळा स्कर्ट, आणि मागे भाजी आणायची चाकांची पिशवी. त्या पिशवीत मावत नसलेलं एक भलंमोठं पातेलं दोरीनं बांधलेलं होतं.

चेत्तामावशी कुणाची सख्खी मावशी नव्हे. माल्टाहून बोटीनं आलेल्यांपैकी ती. नवरा दगडाच्या खाणीत होता, तो गेला. मुलगा लांब पर्थला. आणि ही क्लबच्या स्वयंपाकघरात. गेली कितीतरी वर्षं त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे जे काही बाहेर आलं, ते तिच्या हातचं.

"अगं आत ये ना मावशी, चहा तयार आहे," मार्लीननं दार उघडलं.

"चहा नको. हे घे."

"हे काय?"

"पातेलं. डोळे गेले का तुझे?"

"दिसतंय गं. पण हे क्लबचं…"

"क्लबचं कशाला? माझ्या सासूचं आहे. क्लबात राहत होतं एवढंच. आता तुझ्याकडे राहू दे. वापर, नाहीतर टोमॅटो लाव त्यात."

"अगं, पण उद्या एवढी माणसं यायची, उद्याच्या जेवणाला…"

"उद्या मी यायची नाही. गुडघे दुखतात माझे."

"माझेही दुखतात," रेनो मटारांची पिशवी उंच धरून म्हणाला. "मी जातोय ना?"

एरवी या वाक्यावर मावशीनं त्याच्या डोक्यात टपली मारली असती. आज तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोरी सोडली, पातेलं पायरीवर ठेवलं, रोबर्टाच्या हेल्मेटवर दोन बोटं टेकवून आशीर्वाद दिल्यासारखं केलं, आणि रिकामी पिशवी खडखडवत निघून गेली. मॅगपायनं तिच्यावर झेप घेतली नाही. त्यालाही कळत असावं.

"काय झालं हिला?" रेनो म्हणाला.

मार्लीननं पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं. ओटा भरून गेला. "गुरुवारी तुम्ही सगळे सराव करत होतात ना, तेव्हा साल्वूकाका हॉलमध्ये भाषणाची तालीम करत होते. उद्याच्या. माईक लावून."

"मग?"

"मग काय. मावशी आत कांदे चिरत होती. काकांनी सगळी गोष्ट सांगितली. पाहुण्याची."

रेनोनं पाय खाली घेतला. मटार जमिनीवर पडले.

"सशाची?" रोबर्टानं विचारलं. क्लबात वाढलेल्या पोरांना ही गोष्ट पाठ असते.

"सशाचीच," मार्लीन म्हणाली. "आणि शेवटी म्हणाले, 'त्या दिवशी ते जेवण नसतं, तर आज आपला रेनो साऱ्या देशासाठी खेळून निवृत्त झाला असता.' डोळ्यांत पाणी आणून. मी आत गेले तेव्हा मावशीच्याही डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाली, कांद्याचं आहे."

*

ही गोष्ट घडली तेव्हा रेनो एकोणीस वर्षांचा होता. सडपातळ, मधल्या फळीत खेळणारा, डावखुरा. शाळा सोडून साल्वूकाकाच्याच हाताखाली घरांच्या भिंती-छतांना प्लास्टर करायचं काम शिकत होता. दिवसभर छतं घासायची आणि संध्याकाळी थेट मैदानावर. त्यामुळे सरावातला पहिला चेंडू त्यानं डोक्यानं मारला की केसांतून पांढरा ढग उठायचा. सगळे त्याला गिरणीवाला म्हणायचे. अजूनही म्हणतात, जरी आता केस पांढरे दिसतात ते धुतल्यावरही.

त्या हिवाळ्यात साल्वूकाकाच्या ओळखीनं मोठ्या क्लबचा माणूस रेनोचा खेळ बघायला यायचं ठरलं. मिस्टर हॅलोरन. खराखुरा व्यावसायिक क्लब. तिथे खेळाडूंना दिवसा दुसरं काम करावं लागत नाही. क्लबच्या समितीची बैठक झाली. रेनोला कुठे खेळवायचं यावर थोडं बोलणं झालं. पाहुण्याला काय वाढायचं यावर मध्यरात्र झाली.

शेवटी ससा ठरला. आमच्याकडे मानाच्या माणसाला ससाच. लाल दारूत, लसणात आणि तमालपत्रात रात्रभर मुरवलेला, सकाळपासून मंद आचेवर ठेवलेला. चेत्तामावशीनं सासूचं पातेलं काढलं. सामना तीन वाजता, आणि जेवण एक वाजता, कारण पाहुण्याला उपाशी पोटी सामना बघायला बसवायचं ही कल्पनाच कुणाच्या मनात आली नाही. आणि पाहुणा जेवतोय आणि पोरं नुसती बघतायत, हेही बरं दिसत नाही. म्हणून पोरांनाही पानावर बसवलं. आधी रश्श्यातल्या शेवया, मग ससा, मग पाव रश्श्यात बुडवून.

"घे की, रेनो," मावशी म्हणाली होती. "अंगात जोर नको?"

पहिल्या अर्ध्या तासात सान रोक्कूची अकरा पोरं चिखलात रुतल्यासारखी पळत होती. एक गोल खाल्ला. मिस्टर हॅलोरन मात्र खूश होता. बोची, म्हणजे जड गोळे घरंगळवायचा म्हाताऱ्यांचा खेळ, खेळायच्या पट्टीला लागून, भिंतीच्या आडोशाला, हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात त्याला आरामखुर्ची दिली होती. मध्यंतराला मावशीनं बदामाची मिठाई पाठवली. दुसरा हाफ सुरू होऊन जरा वेळ झाला, आणि मिस्टर हॅलोरनची मान छातीवर आली.

"उठवू का?" कुणीतरी विचारलं.

"डोकं फिरलं का?" साल्वूकाका म्हणाला. "एवढ्या लांबून आलाय, पोटभर जेवलाय, डोळा लागलाय. त्याला गदागदा हलवायचं? आपण काय जनावरं आहोत?"

आणि नेमका तेव्हाच रेनोचं अंग हलकं झालं. प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूनं डोक्यानं बाहेर काढलेला चेंडू, एकदा टप्पा पडलेला, बरोब्बर डाव्या पायासमोर आला. गोलपासून इतक्या लांबून कुणी मारत नाही. त्यानं मारला. चेंडू वर चढत गेला, गोलरक्षकाच्या बोटांवरून वरच्या कोपऱ्यात शिरला आणि जाळी फुगली. जन्मात एकदाच लागावा तसा गोल.

दोनेकशे माणसं एका झटक्यात उभी राहिली, तोंडं उघडली, आणि साल्वूकाकानं त्यांच्याकडे वळून दोन्ही हात उंचावले.

"शू! शू! पाहुणा झोपलाय!"

आणि खरं सांगायचं तर, माणसं गप्प बसली. उघडलेली तोंडं मिटली. बोची खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी हातमोजे घातलेल्या हातांनी हळूच टाळ्या वाजवल्या, थप-थप-थप. हात पसरून कोपऱ्याच्या झेंड्याकडे धावत सुटलेल्या रेनोला समोर स्वतःचे वडील दिसले. आनंदानं चेहरा लाल झालेला, आणि ओठांवर बोट. प्रतिस्पर्धी गोलरक्षक बिचारा इकडेतिकडे बघत राहिला. एवढा गोल झाला आणि आवाज नाही, म्हणजे झाला की नाही?

शेवटच्या शिट्टीला मिस्टर हॅलोरन जागा झाला. "किती किती?"

"एक-एक."

"तुमचा कुणी मारला?"

"त्या पोरानंच."

"अस्सं. चांगलं झालं," तो म्हणाला. मग पोटावरून हात फिरवत, "रस्सा मात्र काय झाला होता!"

मावशी त्याच्या गाडीमागे डबा घेऊन धावली. उरलेला ससा. त्यानं आनंदानं घेतला आणि तो गेला.

साल्वूकाका गोष्ट इथे संपवतो. दर वर्षी वार्षिक जेवणाला, दर लग्नात, नवा खेळाडू आला की त्याच्यासमोर. लोक हसून हसून टेबलं बडवतात, आणि मग काका आवाज खाली आणून म्हणतो, "कुठे गेला असता पोरगा." आणि सगळे उसासा टाकतात. मावशी तेव्हा नेहमी आत काहीतरी आणायला गेलेली असायची. त्या दिवसानंतर तिनं क्लबात ससा शिजवला नाही. मॅकरोनी केली, रिकोटा चीज भरलेल्या खाऱ्या पुऱ्या केल्या, सूप केलं. संत रोक्कूच्या सणालासुद्धा मासळीच. नव्या पोरांना कारण माहीत नव्हतं. जुन्यांना माहीत होतं आणि त्यांनी विचारलं नाही. रेनोनंही कधी तो विषय काढला नाही. उगाच तिच्या मनाला कशाला लागू द्यायचं, असं त्याला वाटायचं. त्याच्या गप्प बसण्याचा तिनं काय अर्थ लावला असेल, हे त्याला आज सकाळी पायरीवर पातेलं बघेपर्यंत सुचलं नव्हतं.

*

दुपारी त्यानं पातेलं आपल्या मालवाहू गाडीत, प्लास्टरच्या बादल्यांच्या मधे ठेवलं.

"कुठे निघालास?" मार्लीननं विचारलं.

"ते परत करायला."

"ती घ्यायची नाही."

"बघू."

"गुडघ्यावर पट्टी बांधून जा. आणि रेनो," ती जवळ येऊन म्हणाली, "सगळं सांग तिला. खिडकीचंही."

वाटेत मैदान लागलं. साल्वूकाका चुन्याची गाडी ढकलत रेषा आखत होता. सत्तरी केव्हाच उलटली, प्लास्टरचा धंदाही रेनोच्या हाती दिला, पण रेषा दुसऱ्या कुणाला आखू देत नाही, आणि दर वर्षी पेनल्टीचा चौकोन किंचित तिरका होतो. रेनो कुंपणाला टेकून बघत राहिला.

या चौकोनात त्याचं आयुष्य गेलं. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सराव, रविवारी सामना. मिळायचं ते बुटांना आणि पेट्रोलला पुरायचं. तीनदा क्लब वरच्या विभागात गेला आणि तीनदा खाली आला. एकदा उपांत्य सामन्यात रेनोनं पेनल्टी शेजारच्या घराच्या अंगणात मारली. त्या घरातली बाई अजूनही दर नाताळला तो चेंडू फुलांच्या कुंडीत ठेवून क्लबला भेट पाठवते, आणि क्लब तो दर वर्षी तिला परत करतो. एकोणतिसाव्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. तेव्हा त्याचं स्वतःचं घर अर्धंमुर्धं उभं होतं, मार्लीन सात महिन्यांची गरोदर, आणि हा पलंगावर. ते घर पुरं केलं संघातल्या पोरांनी आणि बोचीवाल्या म्हाताऱ्यांनी. छप्पर घालायला समोरच्या क्रोएशियन क्लबचा कप्तान व्लादो आला. ज्याच्याशी मैदानावर दोनदा गचांडी धरून झाली होती तो.

"पुढच्या मोसमात तुलाच लाथा घालायच्यात," व्लादो छपरावरून ओरडला होता. "म्हणून तुला निवाऱ्यात ठेवतोय!"

आणि रोज संध्याकाळी चेत्तामावशी, कापडात गुंडाळलेली सुपाची किटली घेऊन. हाडं जुळतात म्हणे. रेनोला त्या सुपाचा कंटाळा आला होता, पण ती समोर उभी राहून शेवटचा घोट पाहिल्याशिवाय हलायची नाही.

मग तो सामना. कपच्या एका फेरीत चिठ्ठीनं एक व्यावसायिक संघ सान रोक्कूच्या वाट्याला आला. रेनो तेव्हा बचाव फळीत आला होता. ज्याला त्यानं अडवायचं, तो देशासाठी खेळलेला माणूस. रेनोनं त्याला तासभर गोलकडे तोंड फिरवू दिलं नाही. शेवटच्या वीस मिनिटांत त्या खेळाडूनं दोन गोल केले. हात मिळवताना त्या माणसानं विचारलं, "एरवी काय करतोस?"

"प्लास्टर."

"खरंच? माझं छत गळतंय रे. कुणी येतच नाही."

रेनो गेला. मोठं घर, सगळं नवं. खोल्यांतून बंद खोकी पडलेली. तीन शहरं बदलली, उघडायला वेळच झाला नाही, तो म्हणाला. छत उंच होतं, शिडी धरायला माणूस हवा होता. "कुणाला बोलवू?" तो खेळाडू फोन हातात घेऊन उभा राहिला आणि ओशाळून हसला. "मी इथे कुणाला ओळखतच नाही." रेनोनं क्लबात फोन लावला. अर्ध्या तासात चार बोचीवाले हजर, एका शिडीसाठी, येताना खाऱ्या पुऱ्या घेऊन. त्या रात्री घरी परतल्यावर रेनो बोटांवर काहीतरी मोजत बसला. मार्लीननं विचारलं तेव्हा म्हणाला, "काही नाही. आपल्याकडे शिडी धरायला किती माणसं आहेत ते मोजत होतो."

आणि वडील गेले तेव्हा. चर्चच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, एका बाजूला सान रोक्कूची, दुसऱ्या बाजूला व्लादोची. सगळे आपापल्या क्लबच्या ट्रॅकसूटमध्ये, कारण बऱ्याच जणांकडे दुसरा काळा कपडाच नव्हता.

"उभा काय राहिलास?" साल्वूकाका रेषेवरून ओरडला. "रेषा सरळ आहे ना?"

"काका, एकदम सरळ. काका, एक विचारू? पाहुण्याची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर का थांबवता?"

"अर्ध्यावर कुठे? डबा दिला, गेला, संपली."

"तो पुढच्या वर्षी परत आला होता."

साल्वूकाकानं चुन्याची गाडी थांबवली. "आला होता. पण त्यात हसण्यासारखं काय आहे?"

काही नव्हतं, हे खरं. पुढच्या वर्षीच्या वसंतात मिस्टर हॅलोरन पुन्हा आला. या वेळी त्याला नुसतं पाणी दिलं. त्यानं कुंपणापाशी उभं राहून पूर्ण सामना जागेपणी बघितला, आणि नंतर तो रेनोपाशी आला. चांगला माणूस, गोलगोल बोलला नाही. "तुला चेंडू दिसतो, पोरा," तो म्हणाला. "पाय छान आहे. पण तू एक पाऊल उशिरा पोचतोस, आणि ते एक पाऊल शिकवून येत नाही." रेनो आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. मग सोमवार आला, आणि एक छत घासायचं होतं. सगळ्या क्लबाला हे माहीत होतं. पण जी गोष्ट सांगताना टेबलं वाजतात ती लोक सांगतात. हे कोण सांगणार?

"उद्या सांगाल?" रेनो म्हणाला.

"तुझ्या निरोपाला? तू एक पाऊल हळू होतास म्हणून?"

"होतोच की. आता तर तीन पावलं आहे."

*

चेत्तामावशी परसात होती. पावटे तोडत होती. त्याच्या हातात पातेलं बघून तिनं तोंड फिरवलं.

"घेऊन जा ते."

"मावशी, माझा गुडघा. हे जड आहे. आधी ठेवू तरी दे."

त्यानं पातेलं भिंतीपाशी उपडं घातलं आणि त्यावरच बसला.

"ऊठ त्याच्यावरून! जेवणाचं भांडं आहे!"

"अजून जेवणाचं आहे होय? मला वाटलं टोमॅटोचं."

ती वेलीकडे वळली. पावटे तोडत राहिली. रेनोला बोलायची सवय नाही. चेंडू द्यायचा, भिंत घासायची, हे त्याचं बोलणं. पण मार्लीननं सांग म्हटलं होतं.

"मावशी, हॅलोरन परत आला होता, तुला माहीत आहे."

"आहे."

"पूर्ण सामना जागा होता. म्हणाला, मी हळू आहे."

"म्हणणारच!" मावशी एकदम उसळली. "तुम्ही पुरुषांनी त्याला उपाशी उभं केलंत! मला खिडकी उघडू दिली नाहीत. एवढा मोठा माणूस, हातात पाण्याचा ग्लास. उपाशी माणसाला काय आवडणार? एकदा मी जास्त वाढलं, एकदा वाढलंच नाही. दोन्ही वेळा तुझंच नुकसान."

रेनोला हसू आलं, आणि ते त्यानं दाबलं नाही. हिला सरळ रस्त्यानं समजावता येणार नव्हतं. हिच्या मनातल्या सगळ्या वाटा स्वयंपाकघरातच जात होत्या. मग तोही तिथूनच निघाला.

"त्या दिवशी मी किती ताटं जेवलो?"

"तीन," ती लगेच म्हणाली. "दोन मी वाढली. तिसरंही मीच दिलं असणार. तेच बाधलं."

"तिसरं तू नाही दिलंस. तू पाहुण्याच्या टेबलावर होतीस. खिडकीत दुसरंच कुणीतरी होतं."

मावशीचे हात थांबले. "ती… माझ्याकडे मदतीला आलेली…"

"पावाच्या दुकानातली. निळा रुमाल बांधलेली. मला भूक नव्हती गं मावशी. दुसऱ्या ताटालाच माझं पोट फुटायला आलं होतं. पण खिडकीपाशी जायला दुसरं निमित्त काय? रिकामं ताट घेऊन गेलो. ती म्हणाली, 'अजून?' मी म्हटलं, 'अजून.' तिनं एवढं वाढलं की मला तिच्यासमोर उभं राहूनच संपवावं लागलं."

"मार्लीन?"

"मग कोण? मध्यंतराला मला उलटी होईल असं वाटत होतं, आणि मी इतका खूश होतो की काय सांगू. तो गोल मी हॅलोरनसाठी मारलाच नव्हता. स्वयंपाकघराची खिडकी त्या गोलाच्याच बाजूला होती. सगळे गप्प बसले ना, शू-शू करून. एकटी तीच ओरडली. पळी हातात घेऊन. तुला आठवत असेल, तू तिला रागावलीस."

"पाहुणा झोपला होता," मावशी पुटपुटली. मग पावट्याची टोपली खाली ठेवून ती हळूहळू पायरीवर बसली. एक शेंग उगाचच सोलली, दाणे हातात घेऊन बसली. "इतकी वर्षं बोलला नाहीस. मला वाटायचं, मनात धरून आहेस म्हणून विषय काढत नाहीस."

"मला वाटायचं, तुला वाईट वाटेल."

"गाढव आहेस."

"गिरणीवाला आहे."

या वेळी टपली बसली. चांगली जोरात.

"पण त्या क्लबात गेला असतास तर…" ती म्हणाली, जुन्या सवयीनं.

"तर गुडघ्यावर कुठल्यातरी शहरात बर्फ लावून एकटा बसलो असतो. तुझं ते सूप कोण आणणार होतं? मला तेव्हा आवडायचं नाही, पण तरी." तो पातेल्यावरून उठला, वाकून ते सरळ केलं आणि बाहीनं पुसलं. "मला जे पाहिजे होतं ते सगळं त्याच मैदानावर मिळालं, मावशी. काही खिडकीतून, काही छपरावरून. एक सोडून. एकवीस वर्षं झाली, क्लबात ससा नाही खाल्ला."

"घरी खातोस की."

"घरचा मार्लीन करते. चांगला करते. तिला सांगू नकोस, पण तुझ्यासारखा नाही."

मावशीनं पातेल्याकडे पाहिलं. ओठ हलले, मनात काहीतरी जुळवत असल्यासारखे. रात्री मुरवायचं तर आत्ता खाटीक उघडा असेल का, असं काहीसं. मग मान हलवली. "करते. सामना संपला की. पाच वाजता गरम गरम."

"नाही."

"आता काय?"

रेनो दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभा राहिला.

"साल्वूकाकाला भाषण हवं तसं करू दे. हार नको, घड्याळ नको. माझं एवढंच मागणं आहे. उद्या ससा कर, मावशी. सामन्याच्या आधी. आणि माझं ताट तू खिडकीतून दे."